वाळवंटातलं घर आणि उंबऱ्याशी आलेले विंचू-साप : काय करावं, कसं करावं

वाळवंटात घर बांधलं की पाणी, सावली आणि गारवा या तीनही दुर्मिळ गोष्टी आपण एका जागी आणून ठेवतो. कूलरखालचा ओलावा, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, झाडांच्या बुंध्याशी केलेली आळी, रात्रभर जळणारा व्हरांड्यातला दिवा. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली आणि विंचू येतात, सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या वासावर साप. त्यांच्या लेखी आपलं घर म्हणजे हिरवळीचा एक तुकडा असतो. हे एकदा समजलं की पुढची कामं आपोआप सुचतात. नुसती फवारणी करून घर सुरक्षित झालं असं मानणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. विंचू महिनोन्‌महिने अन्नावाचून राहू शकतो, दिवसभर फटीत दडून बसतो आणि झुरळ-मुंग्यांवर चालणारी औषधं त्याच्यावर फारशी लागू पडत नाहीत.

म्हणून खालची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा. आधी पाहणी, मग फटी, मग अंगण. आणि विंचू चावला किंवा साप चावला तर काय करायचं, ते आजच घरातल्या सगळ्यांनी वाचून ठेवा. दंश झाल्यावर शांतपणे वाचायला वेळ नसतो.

पहिलं काम : रात्रीची पाहणी

विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात निळसर हिरवं चमकतं. कवचातल्या बीटा-कार्बोलिनसारख्या द्रव्यांमुळे हे घडतं. मेलेला विंचू चमकतो, त्याने टाकलेली कातसुद्धा चमकते. फक्त नुकती कात टाकलेला, अजून मऊ असलेला विंचू चमकत नाही. त्याचं नवं कवच कडक होईपर्यंत थांबावं लागतं.

अतिनील प्रकाशाची बॅटरी घ्या. ३६५ नॅनोमीटरची सगळ्यांत चांगली. ३९५ची स्वस्त असते आणि तिच्यावरही काम भागतं, पण तिचा स्वतःचा जांभळा उजेड इतका पसरतो की लांबचा विंचू हुकू शकतो. बॅटरी कोणाच्याही डोळ्यांवर मारू नका आणि मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी निघा. रात्र उबदार हवी आणि शक्यतो चांदणं नसलेली. लख्ख चांदण्यात बरेच विंचू बाहेर पडायचं टाळतात. पायांत घोट्यावर चढणारे बंद बूट, अंगावर लांब पँट आणि सोबत साधी पांढऱ्या उजेडाची दुसरी बॅटरी. ही दुसरी बॅटरी विसरू नका. साप अतिनील प्रकाशात विंचवासारखा उठून दिसत नाही आणि विंचू शोधता शोधता सापावर पाय पडला असं व्हायला नको. प्रत्येक पाऊल पांढऱ्या उजेडात टाकायचं, उभं राहायचं, मग अतिनील बॅटरीने भोवती पाहायचं.

घराच्या पायापासून सुरुवात करा. भिंत जमिनीला मिळते ती रेघ, पायऱ्यांच्या खालची बाजू, पाण्याच्या मीटरची पेटी, बागेच्या व्हॉल्व्हची पेटी, कुंपणाच्या पोकळ विटा, झाडांच्या साली, रचून ठेवलेली लाकडं. भिंतीवर वरपर्यंत बघा. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला साल-विंचू (बार्क स्कॉर्पियन) भिंतीवर सहज चढतो आणि फळीच्या खालच्या अंगाला उलटा लटकून बसतो. फळी उचलताना बोटं नेमकी तिथेच जातात. थंडीत हेच विंचू एका फटीत घोळक्याने राहतात. तेव्हा हिवाळ्यात एक सापडला तर शोध तिथेच थांबवू नका.

कुठे किती दिसले ते कागदावर घराचा साधा नकाशा काढून टिपून ठेवा. तीन-चार रात्री असं केलं की त्यांची येण्या-जाण्याची वाट दिसायला लागते. या नकाशाइतकी उपयोगी गोष्ट या सगळ्या खटाटोपात दुसरी नाही.

दुसरं काम : फटी बुजवणं

रात्री घरातले सगळे दिवे लावा आणि बाहेर येऊन उभे राहा. दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, पाइप भिंतीत शिरतो तिथून जिथे जिथे उजेड बाहेर येताना दिसेल, तिथून विंचू आत येऊ शकतो. साल-विंचवाला प्लास्टिकच्या बँक कार्डाएवढ्या जाडीची फट पुरते.

दाराखाली रबरी पट्टी लावा. ती जमिनीला टेकली पाहिजे आणि दोन्ही कोपऱ्यांत पुरली पाहिजे. कोपऱ्यात बोटभर राहिलेली जागा हमखास नजरेतून सुटते. पाइप आणि वायरींच्या भोवती सिलिकॉन सीलंट भरा. सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. विटांच्या भिंतीत ओल बाहेर पडावी म्हणून ठेवलेली भोकं मात्र सीलंटने बंद करू नका, भिंत आतून खराब होईल. तिथे न गंजणाऱ्या तारेची बारीक जाळी खुपसून बसवा. छताजवळचे झरोके आणि एक्झॉस्टची तोंडंही पाहा. झाडाची फांदी छताला टेकत असेल तर ती छाटा. जमिनीवरून येता आलं नाही तर फांदीवरून येतील.

तिसरं काम : अंगण

घराभोवतीचा निदान एक मीटरचा पट्टा उघडा ठेवा. त्यात झुडूप नको, दगडांचा ढीग नको, आडोसाच नको. लाकडं, विटा, जुने टायर, पत्रे घरापासून दूर आणि जमिनीपासून वर उचलून रचा. ढिगातली वस्तू उचलताना तुमच्यापासून लांबची कड आधी वर उचला, म्हणजे उघडी बाजू तुमच्या विरुद्ध दिशेला राहील आणि आतला प्राणी तिकडे पळेल. जाड चामडी हातमोजे घातल्याशिवाय ढिगाला हात लावू नका.

ठिबकणारे नळ दुरुस्त करा. कूलरचं पाणी झाडांकडे वळवा, पण भिंतीलगत मुरू देऊ नका. बाहेरच्या दिव्यांत पिवळट उजेडाचे बल्ब लावा. पांढऱ्या-निळ्या उजेडापेक्षा त्यावर किडे कमी येतात. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे आणि कुत्र्याच्या भांड्यातलं उरलेलं अन्न रात्री बाहेर राहू देऊ नका.

उंदीर झाले असतील तर ते काम आधी हातात घ्या, साप नंतर. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या मुलखात १९९३ साली हंताविषाणूची साथ आली. तो विषाणू हरिण-उंदीर (डिअर माऊस) या रानउंदरांच्या लघवी-लेंड्यांतून, उडालेल्या धुळीवाटे माणसांत शिरत होता. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर ओता, पाच मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून पुसून घ्या. खोलीची दारं-खिडक्या त्याआधी अर्धा तास उघडी ठेवा.

लहान मुलं अंगणात खेळत असतील आणि विषारी साप वारंवार येत असतील, तर सापरोधक कुंपण घाला. जाळीची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास हवी, खालची १५ सेंटिमीटर जाळी जमिनीत गाडायची आणि वरचा भाग बाहेरच्या अंगाला सुमारे ३० अंश झुकवायचा. खांब आतल्या बाजूने लावा, नाहीतर तेच चढायला उपयोगी पडतात. फाटकाखालची फटही तितकीच बारीक हवी. सगळं आवार वेढणं जमत नसेल तर मुलांच्या खेळण्याच्या जागेपुरतं करा. तेवढंही मोलाचं आहे.

डांबराच्या गोळ्या, गंधक आणि आवाजाने साप पळवणारी यंत्रं यांवर पैसा घालवू नका. साप त्यांना जुमानत नाहीत. डांबराच्या गोळ्या तर लहान मुलं आणि पाळीव जनावरांसाठी विषारी असतात.

चौथं काम : हातापायांच्या सवयी

बहुतेक दंश एकाच कारणाने होतात. नजर पोचायच्या आधी हात किंवा पाय पोचतो. बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटायचा. वाळत घातलेले कपडे आणि टॉवेल झटकूनच घडी घालायचे. अंथरूण झोपण्यापूर्वी उचलून बघायचं. रात्री उठलं की आधी बॅटरी, मग पाय जमिनीवर. अंधारात दाराच्या कडीला हात घालायचा नाही.

पलंग भिंतीपासून हातभर सरकवा. चादर किंवा पांघरूण जमिनीला लोळता कामा नये. विंचू गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही, म्हणून पलंगाचे पाय रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत ठेवायची युक्ती बाळाच्या पाळण्यासाठी फार चांगली आहे. बरण्यांच्या आतली धूळ मात्र पुसत राहा, धुळीवर त्याला पकड मिळते.

थरच्या वाळवंटात सिंधी मण्यार आढळते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. अशा भागात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. पहाटे कोणी पोटात दुखतंय म्हणून उठलं आणि त्याच्या पापण्या जड पडायला लागल्या, तर जखम दिसत नसली तरी मण्यार चावली आहे असंच समजून रुग्णालय गाठा.

विंचू दिसला तर

घाई नको. विंचू माणसावर चाल करून येत नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी त्याच्यावर पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, मग बरणी सुलटी करून झाकण लावा. निदान २५ सेंटिमीटर लांबीचा चिमटा असेल तर शेपटीकडून उचलता येतो, पण सवय नसेल तर बरणीच बरी. मादीच्या पाठीवर पांढरी पिल्लं दिसली तर फटका मारू नका, पिल्लं खोलीभर विखुरतील. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवर राहतात. पोहण्याच्या तलावातून काढलेला विंचू मेलाय असं समजून हातात घेऊ नका. पाण्याखाली तो बराच वेळ तग धरतो.

चिमट्यांसारखे पुढचे हात बारीक आणि शेपटी जाड असेल तर विंचू जहाल असण्याची शक्यता जास्त. उत्तर आफ्रिकेपासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेले जाड शेपटीचे अँड्रॉक्टोनस विंचू या खुणेत बसतात. पण ही ढोबळ खूण आहे, तिच्यावर जीव टांगू नका. जगात विंचवांच्या अडीच हजारांहून जास्त जाती आहेत आणि माणसाचा जीव घेऊ शकतील अशा त्यांतल्या मोजक्याच. म्हणून अंगणाच्या कुंपणापलीकडे दिसलेल्या विंचवाला मी मारू नका असंच म्हणेन, किडे तोच खातो. घरात तान्हं मूल आहे आणि विंचू जहाल जातीचा आहे, अशा वेळी कोणी त्याला मारलं तर मात्र मी दोष देणार नाही.

विंचू चावला तर

जागा साबण-पाण्याने धुवा. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर निघणार नाहीत. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं काढा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नको, त्यामुळे बिघडत चाललेली लक्षणं झाकली जातात.

मोठ्या, धडधाकट माणसाला नुसती जागेवरची आग आणि मुंग्या असतील तर डॉक्टरांना फोन करून काही तास नजरेखाली ठेवता येतं. पण चावलेलं मूल लहान असेल, माणूस वयस्क असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका, निघा. बाकी कोणालाही पुढचं काही दिसलं तर तेच : अंग घामाने भिजणं, उलट्या, तोंडातून लाळ, हातपाय थंड पडणं, धाप लागणं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस, स्नायू उडणं, डोळ्यांची बुबुळं अस्थिरपणे फिरणं.

इथे एका मराठी डॉक्टरांचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. लाल विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठतं आणि हृदय-फुप्फुसं निकामी होतात, त्यावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध कामी येतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णांच्या उशाशी बसून सिद्ध केलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचं विष उतरवणारं प्रतिविष सोबत दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. ही औषधं रुग्णालयात, नजरेखालीच द्यायची असतात. मंत्र आणि मुळ्यांपायी गेलेला प्रत्येक तास या औषधांच्या वाट्यातून वजा होतो.

साप दिसला तर

बाहेर दिसला तर जागच्या जागी थांबा. तो नक्की कुठे आहे हे डोळ्यांनी पाहा, मगच हळू मागे या. खुळखुळ्या सापाचा (अमेरिकेतला रॅटलस्नेक, तो शेपटीने खुळखुळ वाजवतो) आवाज आला पण साप दिसत नसेल तर उडी मारू नका, त्याच्याच अंगावर जाल. आणि प्रत्येक खुळखुळ्या साप आवाज करतोच असं नाही. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं. हा छोटासा साप अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. सहारा आणि अरबस्तानातला शिंगवाला साप नुसते डोळे बाहेर ठेवून वाळूत पुरून घेतो. म्हणून वाळूत अनवाणी चालू नका, दिवसासुद्धा.

निदान दोन मीटर लांब राहा, जमलं तर त्याहून जास्त. वाट मोकळी असेल तर साप निघून जातो. काठी, दगड, झाडू हातात घेऊ नका. सापाला मारायला किंवा पकडायला जाऊन चावून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. मारलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं.

घरात दिसला तर माणसं आणि जनावरं त्या खोलीबाहेर काढा. दार लावा, दाराखाली टॉवेल दाबून बसवा. बाहेर उघडणारं दार सापाजवळ असेल आणि सापाच्या जवळ न जाता तिथे पोचता येत असेल तर ते उघडून बाजूला व्हा. एकाने खिडकीतून किंवा लांबून नजर ठेवायची, नाहीतर मदत येईपर्यंत साप कुठल्या कपाटामागे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. सर्पमित्राचा, वन विभागाचा आणि अग्निशमन दलाचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

साप चावला तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने मरतात. त्यातली पुष्कळशी रुग्णालयात उशिरा पोचल्यामुळे. तेव्हा घरगुती उपाय असा नाहीच, असतो तो फक्त प्रवास.

सापापासून दूर व्हा. वेळ टिपा. दागिने, बूट, घट्ट कपडे काढा. रुग्णाला आडवं करा, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी अथवा जाड पुठ्ठ्याच्या आधाराने, मोडलेल्या हाडासारखा स्थिर करा. पट्टा सैलसर असावा, रक्तप्रवाह थांबेल इतका आवळू नका. सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहा. रुग्णालयात आधी फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. नसेल तर जिथे आहे तिथे थेट जा, आधी एका ठिकाणी आणि मग दुसऱ्या ठिकाणी अशा फेऱ्यांत वेळ जातो. वाटेत उलट्या व्हायला लागल्या किंवा मान धरवेना, तर कुशीवर वळवा आणि श्वासावर लक्ष ठेवा.

ब्लेडने चिरू नका, तोंडाने चोखू नका, दोरी आवळू नका, बर्फ लावू नका, विजेचा झटका देऊ नका. साप पकडून नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून उपचार करतात. काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का पाहणं ही साधी चाचणी फुरशाच्या दंशात फार मोलाची असते. काही वेळा साप चावतो पण विष टाकत नाही. हे घरी बसून ठरवता येत नाही, त्यामुळे रुग्ण बरा दिसत असला तरी त्याला २४ तास देखरेखीखाली ठेवू द्या.

बाकीची मंडळी

उंट-कोळी दिसायला भयंकर, पण बिनविषारी. तो तुमच्यामागे धावतोय असं वाटलं तर तो बहुधा तुमच्या सावलीमागे धावत असतो. बरणी घालून बाहेर सोडा. घोरपड आणि सांडा (काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा) यांना हात लावू नका, वाट द्या.

सोनोरन वाळवंटातला गिला मॉन्स्टर हा संथ सरडा विषारी आहे, पण डिवचल्याशिवाय चावत नाही. त्याच्या लाळेतल्या एका द्रव्यावरूनच मधुमेहावरचं एक्झेनाटाइड हे औषध बनलं. त्याच भागात पावसाळी वादळं आली की मोठा वाळवंटी बेडूक बाहेर पडतो. कुत्र्याने तो तोंडात धरला तर कुत्र्याची मान खाली झुकवा आणि नळीचं पाणी एका गालातून दुसऱ्या गालाकडे जाईल असं सोडा. पाणी घशात जाऊ नये, नाहीतर विष पोटात जाईल. हिरड्या बोटांनी पुसा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.

कोल्हे आणि कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) यांना खायला घालू नका, एकदाही नाही. माणसाकडून अन्न मिळतं हे त्यांना कळलं की पुढचा त्रास शेजारच्या मुलाबाळांना होतो. समोर आले तर पळू नका, हात वर करून मोठ्याने ओरडा आणि छोटं कुत्रं कडेवर घ्या.

वाळवंटी कासव रस्त्यात दिसलं तर कौतुकाने उचलू नका. घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढच्या कोरड्या दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकतं. गाडीखाली येण्याची भीती असेल तरच दोन्ही हातांनी आडवं, जमिनीलगत धरून, ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेला रस्त्यापलीकडे ठेवा. आणि घरी पाण्याची उघडी टाकी किंवा तलाव असेल तर त्यात काठापर्यंत येणारी एक खरबरीत फळी तिरकी टेकवून ठेवा, म्हणजे पाणी प्यायला वाकलेला प्राणी आत पडला तरी त्याला चढून बाहेर येता येईल.